पाचशे पत्रकं आणि किल्लारीचा रिकामा फोल्डर

माझ्या पिशवीत पाचशे पत्रकं होती, आणि त्यातलं एकही वाक्य मी नांदेड पाहून लिहिलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. प्रवासवर्णन लिहिणारी माणसं निघताना आपण अगदी कोऱ्या मनाने निघालो होतो असं भासवतात. मी कोरी नव्हते. मी छापून निघाले होते.

आमची संघटना कंत्राटी संगणक ऑपरेटरांची आहे. मी स्वतः इचलकरंजीत दोन वर्षं ऑपरेटर होते, आता संघटनेची पत्रकं लिहिते. नांदेडच्या मुबीन शेखचं प्रकरण फोनवर ऐकलं आणि अर्ध्या तासात मथळा सुचला: ‘चूक वरच्यांची, फास खालच्याला!’ मथळा सुचला की माझं पुढचं अडत नाही, हा माझा गुण आहे असं मी तोपर्यंत समजत होते.

प्रकरण असं. एक संस्था आहे. नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीतल्या माणसांना तिथंच पुढं काम करायचं आहे. ही संस्था गावोगावचे जुने कागद, फोटो, दाखले, लग्नपत्रिका स्कॅन करून जपून ठेवते आणि मूळ कागद घरच्यांना परत करते. लातूरला मोठा संगणक, नांदेड, जळकोट आणि शिरूर अनंतपाळला केंद्रं. सगळी माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर एका कंपनीकडून घेतलेलं. त्या सगळ्याची देखभाल मुबीनकडे. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी किल्लारीचा फोल्डर रिकामा झाला. भूकंपानंतर ढिगाऱ्यातून लोकांनी जे काही ओढून काढलं होतं, त्याचे दोन वर्षं जमवलेले स्कॅन. दुसरी प्रत ठेवायची सोयही होती, पण त्या सॉफ्टवेअरने इमानेइतबारे जुन्या प्रतीच्या जागी रिकाम्या फोल्डरचीच प्रत ठेवली.

संगणक स्वतः ठेवतो त्या नोंदवहीत लिहून आलं की हे ‘मालक’ खात्याने पुसलं. सगळ्यांत वरचे अधिकार असलेल्या खात्याला तिथं मालक म्हणतात. त्याचा पासवर्ड मुबीनकडे. झालं! मुबीन घरी बसला. सोमवारी लातूरला बैठक होती. तोवर समाधानकारक खुलासा आला नाही तर पोलिसांत तक्रार.

मी गुरुवारी सकाळी नांदेडला उतरले.

नांदेड

आमच्याकडे सकाळ मागांच्या खडखडाटाने सुरू होते. नांदेडच्या जुन्या भागात ती कुठल्यातरी शटरच्या आवाजाने आणि “चाचा, दो कट” अशा चहाच्या हाकेने झाली. थंडी चांगलीच होती. मुबीनचं घर दुकानाच्या मागे, आणि दुकान त्याच्या अब्बांचं, पुस्तकबांधणीचं. शाळांची हजेरीपत्रकं, मशिदीतली जुनी पुस्तकं, वकिलांचे गठ्ठे, सगळं तिथं पुठ्ठा चढवायला येतं.

अब्बा जमिनीवर बसून खळ लावत होते. मी नाव सांगितलं, संघटना सांगितली, लढ्याची रूपरेषा सांगायला सुरुवात केली.

“बैठो बेटा,” ते म्हणाले. “पैले चाय. लढाई चाय के बाद.”

मुबीन आतून आला. पस्तिशीचा, शांत माणूस. इतका शांत की मला रागच आला. मी त्याच्या हातात पत्रक दिलं. त्याने उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, मागची बाजू कोरी आहे हेही पाहिलं.

“जोरदार आहे, ताई.”

“मग?”

“खरं आहे का ते माहीत नाही.”

पत्रकात मी लिहिलं होतं की लातूरचे मुख्य अधिकारी बिराजदार यांनी कार्यालयात चिकटवलेल्या आपल्या भाच्याची चूक झाकायला मुबीनचा बळी दिला. भाचा तिथं कामाला होता, हे खरं. बाकीचं मी जोडलं होतं, कारण ते जोडलं की चित्र पूर्ण होत होतं.

“त्या पोराकडं मालकाचा पासवर्ड नाही,” मुबीन म्हणाला. “त्याला तर प्रिंटरची शाई बदलता येत नाही.”

“मग पासवर्ड कोणाकडे आहे?”

“माझ्याकडं. आन् बिराजदार सरांकडं.”

“म्हणजे दोघांकडे! तरी संशय एकट्या तुमच्यावर?”

अब्बांनी खळीची वाटी बाजूला सरकवली. “बेटा, शुक्रवार का दोपहर था. ये मेरे साथ नमाज को था. पूरी सफ ने, पूरी लाइन ने देखा. मगर साब बोले, मोबाईल से भी होता बोलते.”

“होता क्या?” मी मुबीनला विचारलं.

“होतं,” तो म्हणाला. इथं खोटं बोलला असता तर त्याचा फायदा होता. मी त्या क्षणी त्याच्या बाजूची झाले, पत्रकामुळे नाही.

दुपारी त्याच्या बायकोने बगारा भात आणि दालचा वाढला. आमच्याकडचा रस्सा पहिल्या घासाला अंगावर येतो. हा दालचा हळूहळू येतो, चिंच आधी, तिखट नंतर, आणि मग तुम्ही तिसऱ्यांदा भात घेत असता. जेवताना मुबीनने मला सगळी यंत्रणा समजावली. जळकोटच्या ऑपरेटरांना किल्लारीचे कागद बघता येतात, त्यांची वर्णनं लिहिता येतात, पण पुसता येत नाहीत. परवानगीच नाही. पुसू शकतो फक्त मालक.

“आणि मालकाच्या नावाने दुसरं कोण काम करतं?” मी विचारलं.

“माणूस कुणीच नाही. सॉफ्टवेअर करतं. प्रती काढणं, आवराआवर. त्याला सगळ्या खोल्या उघडाव्या लागतात ना, म्हणून ते मालकाच्या हक्कानं चालतं.”

हे मी ऐकलं, आणि सोडून दिलं. मला माणूस हवा होता. माणसाविरुद्ध पत्रक काढता येतं.

निघताना अब्बांनी एक पत्रक उचलून अंगठ्याने घासलं. ओलं पान आणि सुकं पान एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते मधे रद्दीचा कागद घालत होते, तसं घालून पाहिलं.

“कागज अच्छा है. शाई हात को लगती नई.”

“आणि मजकूर, चाचा?”

“मजकूर तुम जानो.”

त्याच संध्याकाळी मी नांदेडच्या केंद्राबाहेर साठ पत्रकं वाटली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जळकोट

शुक्रवारी जळकोट गाठलं. कंधारच्या पुढे रस्ता वरखाली होतो. दोन्ही बाजूंना तूर वाळत उभी, मधेच कणसात आलेली ज्वारी. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, “कोन्च्या गावच्या तुमी?” मी सांगितलं. “लई लांबून आलाव की. कामून?” मी म्हटलं, अन्यायाविरुद्ध. ती म्हणाली, “बरं बरं,” आणि मला हुरड्याची पुडी दिली. आमच्याकडे असं उत्तर दिलं असतं तर वाद तरी झाला असता.

केंद्र बसस्थानकामागे, दोन खोल्यांचं. तिथल्या मुख्य ऑपरेटर संगीताताई. घरची शेती आहे, सकाळी म्हशींचं आवरून गाडीवर येतात. मला पाहून त्या सावध झाल्या.

“मुबीन सरांसाठी आलाव ना? मंग आधी जेवा.” डब्यातले धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी त्यांनी टेबलावर मांडलं. “सरांनी असलं केलं न्हाई. आमाला इचारलं कुनी? न्हाई.”

“तेच विचारायला आले. तुम्ही काम कसं करता ते दाखवा. रोजचं, जसंच्या तसं.”

हा प्रश्न मी फार हुशारीने विचारला नव्हता. ऑपरेटर असताना मला नेहमी वाटायचं की कुणीतरी हे विचारावं, म्हणून विचारला.

त्यांनी संगणक चालू केला. पाचजणींचं एकच खातं, नाव ‘जळकोट’. उघडल्यावर पहिल्यांदा ‘तात्पुरते’ नावाचा फोल्डर. अर्धवट काम, चाचणीचे स्कॅन, सगळं त्यात. आणि त्यातच चार फोल्डर गावांच्या नावांचे.

“ही गावं इथं कशी? ती तर मुख्य साठ्यात असतात ना?”

“तिथंच हायती. ही नुसती पाटी हाय.” त्यांनी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. वर लिहिलं होतं: ‘मुबीन सरांची युक्ती.’ खाली एका ओळीची आज्ञा. “साठ्यात जायचं म्हनजे एकात एक सात फोल्डर उघडा. आन् नेटची लाईन अशी, की प्रत्येकाला दोन-दोन मिन्टं. सर म्हनले, इथं दुवा करून ठिवा, एका टिचकीत जाताव.”

सिंबॉलिक लिंक म्हणतात तिला. घर इथं नसतं, इथं फक्त पाटी असते, ‘घर तिकडे आहे’ अशी. पाटीवर टिचकी मारली की थेट घरात. मीही इचलकरंजीत करायचे. सगळेच करतात. ज्यांना रोज काम ओढायचं असतं ते रस्ता जवळ करतातच.

“किल्लारीची पाटी कुठाय?”

“व्हती की. सगळ्यात पयली मीच केली ती. मागल्या महिन्यापासून दिसंना.” त्या थांबल्या. “फोल्डर रिकामा झाला, तवापासून.”

माझ्या हातातला धपाट्याचा तुकडा तसाच राहिला.

“संगीताताई, या ‘तात्पुरते’ची सफाई कोण करतं?”

“आधी कुनीच न्हाई. ढीग साठायचा. मंग कंपनीचा मानूस लातूरला येऊन गेला, आन् सफाई चालू झाली. दर शुक्कीरवारी, जेवनाच्या सुट्टीत. पंधरा दिसांच्या वरचं समदं जातंय.”

मुबीनचं वाक्य आता डोक्यात जागं झालं: त्याला सगळ्या खोल्या उघडाव्या लागतात.

समजा, कार्यालयात एक झाडूवाला आहे आणि त्याच्या कमरेला इमारतीतल्या प्रत्येक कुलपाची किल्ली आहे. त्याला सांगितलंय, व्हरांड्यातलं पंधरा दिवसांपेक्षा जुनं सगळं फेकून दे. व्हरांड्यात कुणीतरी सोयीसाठी पाटी लावलीय: किल्लारीचं कपाट तिकडे. शहाणा झाडूवाला पाटी काढून फेकेल. हा पाटी वाचतो, तिकडे जातो, स्वतःच्या किल्लीने कपाट उघडतो, ते रिकामं करतो, परत येऊन पाटीही फेकतो. वहीत लिहून येतं: कपाट मालकाच्या किल्लीने उघडलं. पाटी कुणी लावली, का लावली, ती लावणाऱ्याला कपाट उघडायची परवानगी आहे का, हे तो विचारतच नाही. त्याला तसं शिकवलेलंच नाही.

“या चार पाट्या कधीच्या?”

“किल्लारी गेल्यावर कामाची गावं बदलली. ह्या दोन आठवडे होत आले बगा.”

मी मोजलं. पुढच्या शुक्रवारी त्या पंधरा दिवसांच्या वर जाणार होत्या. आणखी चार गावं.

“काढा. आत्ताच्या आत्ता.”

संगीताताईंनी हात मागे घेतला. “म्या न्हाई काई पुसनार. एकदा गाव गेलंय. पुना माझ्या हातानं गेलं तर?”

“पाटी काढायची. घराला हात लागत नाही.”

“तुमाला ठाव हाय का ते? का तुमी बी वाटतंय म्हनून सांगायलाव?”

या प्रश्नाची मला लाज वाटली, कारण पिशवीत अजून चारशेचाळीस ‘वाटतंय’ म्हणून लिहिलेली पत्रकं होती. मी मुबीनला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि सगळं सांगितलं. पलीकडे दुकानातला हातोडीचा आवाज येत होता.

“आधी फोटो काढा पडद्याचा,” तो म्हणाला. “चारही पाट्या, तारखेसकट. मग संगीताताई, मी सांगतो ती आज्ञा टाका. शेवटी तिरकी रेघ देऊ नका, दिली तर आज्ञा पाटीवर न थांबता घरात जाते. बस तेवढं सांभाळा.”

त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकलं. चार पाट्या गेल्या. मग सात फोल्डर उघडून लांबच्या रस्त्याने जाऊन आम्ही चारही गावं पाहिली. जागच्या जागी होती. संगीताताईंनी खुर्चीतच पाठ टेकली आणि “आई गं” म्हणाल्या.

“ताई,” फोनमधून मुबीन मला म्हणाला, “युक्ती माझी होती. सोमवारी तेवढंच सांगा. जळकोटचं नाव घेऊ नका. त्यांचं कंत्राट दर सहा महिन्यांनी असतं.”

संगीताताई सगळं ऐकत होत्या. त्यांनी डब्याचं झाकण जोरात दाबून लावलं.

शिरूर, पण दुसरंच

शनिवारी मला शिरूर अनंतपाळचं केंद्र पाहायचं होतं. जीपवाला “शिरूर शिरूर” ओरडत होता, मी चढले. उतरल्यावर चहावाल्याला केंद्र विचारलं तर तो हसायलाच लागला. “ताई, हे शिरूर ताजबंद हाय. तुमचं अनंतपाळ तिकडं राहिलं.” लातूर जिल्ह्यात दोन शिरूर आहेत, हे मला इचलकरंजीत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. या प्रवासात माझी तीच तऱ्हा चालली होती.

चहा घेत तिथूनच शिरूर अनंतपाळच्या केंद्राला फोन केला. तिथंही तीच चिठ्ठी, तीच युक्ती, दोन पाट्या, दोन्ही नव्या. मुबीनने सांगितलेली आज्ञा सांगून त्या काढायला लावल्या. मग सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस अतिशय सभ्य होता. मला अशी माणसं सहन होत नाहीत.

“मॅडम, ही बाब आमच्या यादीत आहे. पण धोका कमी श्रेणीत धरलाय. कारण बाहेरच्या माणसाला हे करता येत नाही. ज्याच्याकडे आधीच आतलं खातं आहे, त्यालाच जमतं.”

“आतलं खातं म्हणजे साधं खातं? ज्याला पुसायची परवानगी नाही असं?”

“हो, म्हणजे, तांत्रिकदृष्ट्या.”

“म्हणजे साधा ऑपरेटर पासवर्ड माहीत नसताना मालक होऊ शकतो. मुद्दाम केलं तर नोंदवहीसुद्धा पुसून घेऊ शकतो.”

“तांत्रिकदृष्ट्या, हो.”

“साहेब, आमच्याकडे सगळे आतच असतात. एका खात्यावर पाच बाया बसतात. तुमचा कमी धोका पस्तीस वर्षांच्या एका माणसाला तुरुंगात घालायला निघालाय. हे मला लिहून द्या, तांत्रिकदृष्ट्या.”

चहावाला टेकून ऐकत होता. कंपनीच्या माणसाने संध्याकाळी खरंच लिहून पाठवलं: सफाई करताना दुव्यांचा माग काढला जातो, सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे, तोवर सफाई बंद ठेवावी. ही सूचना संस्थेला आधीही पाठवली होती म्हणे. ती कुणी उघडली नव्हती. चहावाल्याने फोन संपताच कपाचे पैसे घ्यायला नकार दिला होता. “लई झापलं बगा तुमी,” म्हणाला.

लातूर

रविवार मी लातूरला काढला, दोन वेळा सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून केलेला हा प्रकार दिसायला अगदी साधा, खाल्ल्यावर कळतं की कांदा आणि डाळं कुणी तरी विचार करून घातलंय. आमच्याकडे चुरमुऱ्याचा भडंगच होतो, भिजवणं हा अपमान. मत बदललं.

सोमवारी बैठकीच्या खोलीत बिराजदार सर, मुबीन, अब्बा आणि मी. अब्बांना आत येऊ देत नव्हते. मी म्हटलं, तक्रार त्यांच्या मुलावर आहे, ते बसतील. बसले.

बिराजदार सर पन्नाशीचे, नीट इस्त्रीचे. त्यांनी ड्रॉवरमधून माझं पत्रक काढून टेबलावर ठेवलं. नांदेडात वाटलेल्या साठांपैकी एक.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“खरं आहे?”

बाहेर पडण्याच्या दहा वाटा होत्या. ‘त्या वेळी हाती असलेल्या माहितीनुसार’ वगैरे. पत्रकं लिहिणाऱ्यांना त्या पाठ असतात.

“नाही. तुमच्या भाच्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी न पाहता लिहिलं. छापील माफी देईन.”

त्यांनी पत्रक बाजूला सरकवलं. “मग पुढं बोला.”

मी सगळं सांगितलं. जळकोटचं नाव घेतलं नाही. “एका केंद्रावर अशी पाटी होती,” एवढंच.

“कुठल्या केंद्रावर? पुराव्याशिवाय मी संस्थेला काय सांगू? युक्ती यांचीच, आणि पाटी कुणाची ते कळत नाही. म्हणजे पुन्हा हेच.” त्यांनी मुबीनकडे बोट केलं.

मुबीन म्हणाला, “सर, माझीच धरा.”

तेवढ्यात दार उघडलं. संगीताताई. खांद्याला पिशवी, बसमधून थेट आलेल्या.

“पाटी माझी हाय,” त्या उभ्यानेच म्हणाल्या. “किल्लारीची. म्या केली. का केली ते बी सांगते आन् करून बी दाखविते. ह्यांनी माझं नाव घ्यायचं न्हाई म्हनून ठरिवलं व्हतं. मला इचारून ठरिवलं का?”

मुबीन खाली बघत होता. अब्बांनी आपली खुर्ची उचलून संगीताताईंच्या मागे ठेवली.

मी म्हटलं, “सर, प्रयोगच करू. तुम्ही तुमच्या हाताने एक फोल्डर तयार करा, मालकाच्या नावाचा. त्यात काहीही ठेवा.”

बिराजदार सरांनी माझं पत्रक उचललं, स्कॅन केलं, त्याच्या वीस प्रती फोल्डरमध्ये टाकल्या. “हेच ठेवू.”

संगीताताई जळकोटच्या खात्याने बसल्या. आधी फोल्डर पुसायचा प्रयत्न केला. पडद्यावर आलं: परवानगी नाही. दुसऱ्यांदा केला. परवानगी नाही. मग ‘तात्पुरते’मध्ये एका ओळीत पाटी लावली. त्यातलं बाकीचं काम आधी बाहेर काढलं. सरांनी तेवढ्या फोल्डरपुरती सफाईची मुदत शून्य दिवसांवर आणली, आणि ती हाताने चालू केली. पासवर्ड फक्त त्यांनीच टाकला, आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. नंतर वळून पाहिलं. वीसच्या वीस पत्रकं गेली होती. नोंदवहीत: मालक.

“म्हणजे हे मी पुसलं?” सर म्हणाले.

“तुमच्या खात्याने,” मुबीन म्हणाला. “तुम्ही नाही.”

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, असं आमच्या संघटनेतले काही म्हणतात. मला तसं वाटत नाही.

“सर, त्या शुक्रवारी पासवर्ड दोघांकडे होता. एक जण नमाजला होता, साक्षीदारांसकट. दुसरे तुम्ही, इथं, याच इमारतीत. चौकशी एकाचीच झाली. का?”

सरांनी माझं पत्रक ड्रॉवरमध्ये परत ठेवलं.

“पासवर्ड सांभाळणं त्याचं काम होतं,” ते म्हणाले.

“तुमचंही होतं.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग लिहायला घेतलं. पोलिसांत तक्रार नाही, मुबीन आजपासून कामावर, सफाई बंद, सुधारित आवृत्ती आल्याशिवाय चालू करायची नाही, प्रत्येक ऑपरेटरला वेगळं खातं, ऑपरेटरांपैकी दोघींतिघींनी नेमकं कसं काम होतं ते दर महिन्याला येऊन दाखवायचं. जळकोटच्या कंत्राटाला धक्का नाही, हे वाक्य मी म्हटल्यावर लिहिलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं नाही. ते त्यांनी कागद मुबीनला देताना दिलं, हळू आवाजात: “चुकलं माझं, शेख.” मुबीनने कागद घेतला. “जी,” म्हणाला, तेवढंच. माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. ते पत्रकात मावणारं नव्हतं.

किल्लारी

मूळ कागद घरोघरी परत गेलेले होते. ते पुन्हा मिळवायचे तर पुन्हा मागायला हवे होते. आणि किल्लारीत तोवर पसरलं होतं की नांदेडच्या माणसाने कागद विकले.

बुधवारी मुबीन, अब्बा आणि मी गेलो. नवं किल्लारी आखून वसवलेलं आहे, सरळ रस्ते, रुंद, घरांना नंबर. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग साखर कारखान्याकडे चाललेली. सरळ रस्त्यांच्या गावात मी दोनदा चुकले, कारण खुणेला एकही वाकडी गल्ली नाही.

पहिलं घर माणिककाकांचं. त्यांच्या ओसरीवर पत्र्याची पेटी होती. जुन्या गावातल्या घरातून निघालेली, एक कोपरा चेपलेला. पेटी बंद, आणि काका तिच्यावर बसलेले.

“एकदा दिलं,” ते म्हणाले. “पुसून टाकलं म्हनत्यात. आता कामून द्यावं?”

मी तोंड उघडलं. मला मुद्दे तयार होते: कंपनी, कमी धोका, झाडूवाला. अब्बांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मी गप्प बसले. माझ्या बाबतीत हे सहसा घडत नाही.

मुबीन ओसरीच्या पायरीवर बसला. “काका, विकलं कुणी नाही. पण गेलं ते माझ्या एका युक्तीनं गेलं. लवकर काम व्हावं म्हणून मी वाट जवळ करून दिली होती. त्या वाटेनं मशीन आत गेली. मला हे आधी कळायला पाहिजे होतं. पहिले कळलं नाही.”

“तुझ्यावर केस झालती म्हने.”

“होणार होती.”

“आन् तरी तूच आलास?”

“मीच स्कॅन केलं होतं ना, काका. तुमच्या बहिणीच्या दाखल्याला वरच्या कोपऱ्यात दुमड आहे. ती उलगडताना तुम्ही म्हणलात, दमानं.”

काका पेटीवरून उठले. पेटी उघडून त्यांनी पहिला कागद काढला. तोच दाखला. वरच्या कोपऱ्यात दुमड होती.

“दमानं,” ते म्हणाले.

अब्बांनी मांडी घातली. कागद ओल खाल्लेले, एकमेकांना धरलेले. प्रत्येक सुटा करून मधे कोरं काहीतरी घालायला हवं होतं, नाहीतर स्कॅनरपर्यंत जाईतो पुन्हा चिकटले असते. अब्बांनी रद्दी आणली होती, पण ती वर्तमानपत्रांची, शाई सुटणारी. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

“बेटा, वो तुम्हारा कागज. शाई हात को नई लगती.”

चारशेचाळीस होती. मी गठ्ठा काढून दिला. अब्बांनी पहिलं पत्रक उलटं केलं, मथळा खाली, कोरी बाजू वर, आणि त्यावर दाखला ठेवला. त्यावर दुसरं पत्रक. मग फोटो. संध्याकाळपर्यंत शेजारच्या चार घरांच्या पेट्या आल्या, आणि माझी पत्रकं संपली. आयुष्यात पहिल्यांदा माझा एक अख्खा गठ्ठा एका दिवसात खपला होता.

नवं पत्रक मी परतल्यावर लिहिलं. त्यात माफी पहिल्या ओळीत आहे, कंपनीचा ‘कमी धोका’ दुसऱ्या, आणि ‘पासवर्ड दोघांकडे होता’ तिसऱ्या. मथळा सर्वांत शेवटी सुचला. यावेळी छापायच्या आधी ते जळकोटला पाठवलं. संगीताताईंनी एक वाक्य खोडून पाठवलं आणि बाजूला लिहिलं, “असं आमी करत न्हाई, येऊन बगा.”

गेले. बघितलं. त्यांचं बरोबर होतं.